लिंक रोखायची होती, साइटच गायब झाली

मे 2012 मध्ये भारतात अनेकांना व्हिमिओ, डेलीमोशन या व्हिडिओंच्या साइट उघडेनात, मजकूर चिकटवून ठेवायची पेस्टबिनही उघडेना. पडद्यावर एवढंच यायचं, की न्यायालयाच्या आदेशावरून ही साइट बंद आहे. दोन दाक्षिणात्य चित्रपटांची चोरी थांबवण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अनामिक प्रतिवादींविरुद्ध, म्हणजे ‘जॉन डो’ पद्धतीचा, मनाई हुकूम दिला होता. इंटरनेट कंपन्यांनी त्यावरून चोरीच्या चित्रपटांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या पायरेट बेसोबत या साइटही सरसकट बंद केल्या. जूनमध्ये न्यायालयानेच खुलासा केला, की चित्रपट जिथे आहे तेवढीच लिंक रोखा, अख्खी साइट नको.

खुलासा रास्तच होता. पण पुढे तो पाळणं जवळजवळ अशक्य होऊन बसलं, आणि त्याचं कारण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

साइट अडवायच्या मोजक्याच जागा आहेत. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की आधी डीएनएस सर्व्हरला विचारणा होते, या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, काय? हा सर्व्हर बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचाच असतो. त्याने खोटं उत्तर दिलं की साइट बंद. उपाय स्वस्त, पण सेटिंगमध्ये दुसऱ्या कुणाचा डीएनएस टाकला की फुसका ठरतो.

मग आयपी पत्ताच अडवला तर? इतरांच्या साइट आपल्या सर्व्हरमधून पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्यांच्या एकेका पत्त्यामागे असंख्य साइट नांदतात. स्पेनमध्ये 2025 पासून ला लिगा या फुटबॉल लीगच्या सामन्यांची चोरी रोखायला असे पत्ते बंद होऊ लागले आणि ऐन सामन्याच्या वेळी फुटबॉलशी काडीचाही संबंध नसलेल्या साइट आडव्या पडल्या. इटलीच्या ‘पायरसी शील्ड’ यंत्रणेत तक्रार आल्यापासून 30 मिनिटांत साइट रोखावी लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्या तावडीत चक्क गूगल ड्राइव्ह सापडला. अर्ध्या तासात शहानिशा कोण आणि कशी करणार?

तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष वाहतूक. 2012 मध्ये बहुतेक साइट साध्या एचटीटीपीवर होत्या, त्यामुळे कोणी कोणतं पान मागितलं ते कंपनीला अक्षरन् अक्षर दिसायचं. आता सगळीकडे एचटीटीपीएस, म्हणजे त्याचीच कूटबद्ध आवृत्ती आहे. पाकिटावरचं नाव वाचता येतं, आतलं पत्र नाही. जोडणी होताना जाणाऱ्या पहिल्याच संदेशात साइटचं नाव उघडं असतं. त्याला एसएनआय म्हणतात. त्यापुढचा पानाचा पत्ता कूटबद्ध होऊन जातो. जिओ हे नाव वाचून साइट अडवते, असं सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने 2019 मध्ये दाखवलं. म्हणजे कंपनीला एक तर पूर्ण साइट रोखता येते, नाहीतर काहीच नाही. ‘फक्त ती लिंक’ हा मधला पर्याय तिच्या हातात उरलेलाच नाही.

त्याचा फटका 2017 मध्ये बसला. हिंदी चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयातून मिळालेल्या आदेशांच्या यादीत अडीच हजारांहून जास्त साइट होत्या आणि त्यांत इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालयही होतं! मराठीतल्या कितीतरी जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती तिथे वाचायला मिळतात.

बरं, एवढं करून टॉरेंट, म्हणजे वापरणाऱ्यांनी आपसात फाइली वाटून घ्यायची पद्धत, थांबतं का? टॉरेंटच्या साइटवर चित्रपट नसतोच. असते ती फाइलची ओळख पटवणारी 40 अक्षरा-आकड्यांची खूण. फाइलचे तुकडे टॉरेंट वापरणाऱ्यांच्या संगणकांवर विखुरलेले असतात आणि ही मंडळी ते थेट एकमेकांना देतात. खूण एखाद्या चॅटमध्येही चिकटवता येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. साइट नाव बदलून परत येतात, म्हणून 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘डायनॅमिक’ मनाईची वाट काढली. तिच्यात नव्या नावांसाठी नवा दावा लावावा लागत नाही. ज्यांचा चित्रपट पहिल्या आठवड्यातच फुटतो त्या निर्मात्यांची तडफड खरी आहे आणि निव्वळ चोरीवर जगणाऱ्या साइटची तरफदारी करायचं मला कारण नाही. माझा आक्षेप यादीला आहे. ती कोणी तपासली आणि चुकून आत गेलेल्याने दाद कुठे मागायची?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी 2016 मध्ये नेमका धरला होता. सरसकट साइटबंदीला त्यांनी नकार दिला आणि बंद पानावर आदेशाचा तपशील व तक्रारीची सोय दिसली पाहिजे असं सांगितलं. नुसतं पाहणंही गुन्हा आहे असं भासवणाऱ्या, तीन वर्षं कैदेची भीती घालणाऱ्या सूचनेचीही त्यांनी दुरुस्ती केली.

पण एचटीटीपीएसने इथेही घोळ घातला. मधल्या इंटरनेट कंपनीकडे साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र नसल्यामुळे ब्राउझर तिने पाठवलेलं सूचनेचं पान स्वीकारत नाही. कायदेशीर कारणाने बंद असलेल्या पानासाठी 2016 मध्ये ‘451’ हा वेगळा संकेतांक ठरला, तोही तिला अशा वेळी पोहोचवता येत नाही. जोडणी मध्येच तोडली जाते. समोर येतं ते ‘साइटशी संपर्क होऊ शकत नाही’, आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो.