रेडिओचा तास आणि पॉडकास्टचा भाग: ऐकवणं वेगळं, प्रत देणं वेगळं

न्यू एज, म्हणजे संथ, ध्यानाला साजेशा वाद्यसंगीताचा कार्यक्रम नव्याने सुरू करणारे बहुतेक जण मला हेच सांगतात: "रेडिओवर वाजला की तोच भाग पॉडकास्ट म्हणून टाकणार." पॉडकास्ट म्हणजे रेडिओच्या टेपा ठेवायचं कपाट, अशी समजूत त्यामागे असते. निव्वळ गप्पांचा कार्यक्रम असेल तर हे बऱ्यापैकी निभावतं. पण ज्या तासात पन्नास-पंचावन्न मिनिटं इतरांचं संगीत वाजतं, त्याला हा नियम लावला की घोळ होतो. गेल्या काही वर्षांत चांगले, मनापासून केलेले कार्यक्रम अशाने एका रात्रीत फीडवरून, म्हणजे पॉडकास्टच्या भागांच्या यादीवरून, उतरलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडिओबद्दल फार सांगायला नको. ठरलेली वेळ, घड्याळाशी बांधलेला तास, समोर एकच प्रवाह. या संगीतासाठी तो तास कसा बांधायचा हे स्टीफन हिल यांच्या 'हार्ट्स ऑफ स्पेस' या अमेरिकी कार्यक्रमाने दाखवून दिलं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या केपीएफए केंद्रावर तो रात्री उशिराचा, तीन तासांचा कार्यक्रम होता आणि १९८३ पासून तासाभराचा होऊन अमेरिकाभर ऐकू येऊ लागला. सुरुवातीला थोडकं निवेदन, मग एकात एक विरघळत जाणाऱ्या रचना आणि शेवटी कलाकारांची नावं. प्रत्येक रचनेनंतर माइक उघडणाऱ्या निवेदकांनी हा साचा एकदा तरी लक्ष देऊन ऐकावा. हे संगीत एकदा थांबलं की श्रोत्याला पुन्हा त्यात उतरायला वेळ लागतो.

किरकोळ फरक पटकन सांगून टाकतो. पॉडकास्टला अठ्ठावन्न मिनिटं तीस सेकंदांचं बंधन नाही. 'शुभ रात्री' म्हणू नका, कारण ऐकणारा सकाळी ऐकत असेल. रेडिओवर मधेच आलेल्यासाठी कार्यक्रमाचं नाव पुन्हा सांगावं लागतं, इथे लागत नाही. बस.

आता खरा मुद्दा. वाजवायला घेतलेल्या प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे संगीतकाराने बांधलेली चीज. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे ती चीज एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट वादकांनी वाजवली त्याची नोंद. दोन्हींचा मालक एकच असेल असं नाही. शिवाय या दोन्हींबाबत कायदा दोन कृतींमध्ये फरक करतो: लोकांना ऐकवणं आणि प्रत करून देणं. रेडिओ केंद्राकडे जो परवाना असतो तो ऐकवण्याचा. सूर हवेतून गेले, श्रोत्याच्या हाती काही उरलं नाही. पॉडकास्टमध्ये मात्र अख्खी फाइल श्रोत्याच्या फोनवर उतरते आणि तिथे राहते. तुम्ही प्रत वाटलेली असते. केंद्राचा परवाना तिथवर पोहोचत नाही, मग केंद्र कितीही मोठं असो आणि त्याने कितीही शुल्क भरलेलं असो.

तपशील देशोदेशी वेगळे आहेत, पण अमेरिकेचं उदाहरण पाहिलं तर पायऱ्या स्पष्ट दिसतात, आणि या प्रकारचे सर्वात जुने कार्यक्रमही तिथलेच. तिथलं हवेतून चालणारं रेडिओ केंद्र एएससीएपी, बीएमआय यांसारख्या, संगीतकारांच्या वतीने शुल्क गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत रचनेचे पैसे देतं; ध्वनिमुद्रणाचे पैसे त्याला द्यावेच लागत नाहीत. तोच कार्यक्रम त्याच क्षणी इंटरनेटवर ऐकवला की ध्वनिमुद्रणाचंही शुल्क लागू होतं. त्यासाठी १९९८ च्या कायद्याने सरसकट परवान्याची, म्हणजे प्रत्येक मालकाला वेगळं न विचारता शुल्क भरून वाजवण्याची, सोय केली आहे, आणि ते पैसे साउंडएक्सचेंज ही संस्था गोळा करते. पण त्या सोयीला अटी आहेत. तीन तासांच्या अवधीत एका अल्बममधले तीनपेक्षा जास्त ट्रॅक नकोत, एका कलाकाराचे चारपेक्षा जास्त नकोत. एकाच कलाकाराला वाहिलेला तास हा आपल्या क्षेत्रातला आवडता प्रकार. तो हवेत निर्वेध चालतो आणि नेटवर या अटीत अडकतो. तिथे हक्कधारकाकडून वेगळी सूट घ्यावी लागते. जुने भाग साठवून ऐकवायचे, तर पाच तासांपेक्षा छोटा कार्यक्रम या परवान्यात बसतच नाही, आणि मोठा असला तरी दोन आठवड्यांत उतरवावा लागतो. म्हणजे तासाभराचा भाग 'मागचे भाग' म्हणून नुसता वाजता ठेवणंसुद्धा या सोयीबाहेरचं आहे. डाउनलोड होणाऱ्या पॉडकास्टला तर असा सरसकट परवाना मुळातच नाही. प्रत्येक ट्रॅकसाठी रचनेचा मालक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक, दोघांचा होकार लागतो.

इथे लोक मला चार उत्तरं देतात. तीस सेकंद वाजवले तर चालतं: असा नियम कुठेही नाही. मी कलाकाराचं नाव घेतो: घ्यायलाच हवं, पण नाव घेणं म्हणजे परवानगी नव्हे. मला यातून पैसे मिळत नाहीत: प्रत फुकट वाटली तरी ती प्रतच. चौथं उत्तर प्रामाणिक असतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो: "कलाकारानेच मला अल्बम पाठवला, वाजवा म्हणाला." त्याने पाठवला तो रेडिओवर वाजवण्यासाठी. त्या क्षणी त्याच्या मनात पॉडकास्ट नव्हता, आणि ध्वनिमुद्रण लेबलच्या, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या, मालकीचं असेल तर होकार देणं त्याच्या हातातही नसतं. माझ्या सुरुवातीच्या भागांपैकी एक याच कारणाने मला उतरवावा लागला. बासरीवादकाने आनंदाने हो म्हटलं होतं. लेबलने नाही म्हटलं, आणि लेबलचं बरोबर होतं.

या संगीतात एक मोठी सोय आहे, जी चित्रपटगीतं किंवा पॉप वाजवणाऱ्यांना नसते. न्यू एजमधले पुष्कळ कलाकार स्वतःच रचना करतात, स्वतःच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतात आणि स्वतःच प्रकाशित करतात. दोन्ही मालमत्ता एकाच माणसाकडे, आणि तो माणूस पत्राला उत्तर देणारा. म्हणून विचारा, आणि नेमकं विचारा. मी पत्रात ट्रॅकचं नाव लिहितो, रचना आणि ध्वनिमुद्रण दोन्ही तुमचीच आहेत का हे विचारतो, सहसंगीतकार किंवा पाहुणा वादक आहे का हे विचारतो. भाग डाउनलोड होणार आहे, जगभर उपलब्ध राहणार आहे, त्याला मुदत नाही, आणि ट्रॅकच्या कडांवर माझा आवाज किंवा पुढची रचना चढेल, हेही स्पष्ट लिहितो. होकार लेखी घेतो. फोनवरचा होकार दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

एक प्रश्न हमखास विसरला जातो: तुमच्या वितरकाने (अल्बम ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीने) हा अल्बम नेटवरचं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवला आहे का? नोंदवला असेल तर कलाकाराचा लेखी होकार असूनही भागावर हक्कभंगाचा दावा लागतो, कारण यंत्राने तुमचं पत्र वाचलेलं नसतं. भाग टाकण्याआधीच कलाकाराकडून वितरकाला कळवून ठेवलेलं बरं.

आणि जुन्या रचनांच्या मोहात सावध राहा. फ्रेंच संगीतकार एरिक साती १९२५ मध्ये वारले; त्यांच्या पियानोरचना आज बहुतेक देशांत मुक्त आहेत. पण गेल्या वर्षी कुणी त्या सिंथेसायझरच्या संथ साथीने वाजवल्या असतील, तर ते ध्वनिमुद्रण त्या वादकाचं. रचना मुक्त, ध्वनिमुद्रण बंद.

मग अख्खा तास नेटवर ठेवायचाच नाही का? ठेवा, पण पॉडकास्ट म्हणून नव्हे. मिक्सक्लाउडसारखी सेवा हक्कधारकांशी स्वतः करार करून लांब कार्यक्रम तिथल्या तिथे ऐकवते. 'हार्ट्स ऑफ स्पेस'चे जुने भाग वर्गणी भरून त्यांच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. १९८९ पासून चालणाऱ्या जॉन डिलिबर्टो यांच्या 'इकोज'चा पॉडकास्ट प्रामुख्याने कलाकारांच्या मुलाखतींचा आहे. मला हीच विभागणी पटते: रेडिओवर संगीताचा अखंड तास, पॉडकास्टवर पंचवीस-तीस मिनिटांचं संभाषण आणि त्यात परवानगीने घेतलेल्या दोन रचना, पूर्ण वाजवलेल्या. अर्धी तोडलेली रचना मी घेत नाही. आठ मिनिटं हळूहळू उलगडणारा नाद दुसऱ्या मिनिटाला कापायचा असेल तर तो घेऊच नये.

आवाजाचा फरकही हक्कांखालोखाल महत्त्वाचा आहे. युरोपीय प्रसारणात पातळी उणे २३ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजणारं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) आसपास ठेवतात, ॲपलची पॉडकास्टसाठीची शिफारस उणे १६ आहे. रेडिओची फाइल तशीच टाकली तर बसमध्ये ऐकणाऱ्याला ती पुटपुटल्यासारखी वाटते. नुसता लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारं साधन, लावून ती मोठी केली तर घंटेचा विरत जाणारा स्वर पुन्हा फुगतो, आणि या संगीतात सगळं त्या विरण्यातच असतं. मला सर्वात खुपतं ते मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकच करणं. बोलण्याच्या कार्यक्रमांसाठी काटकसर म्हणून काही जण फाइल मोनो करतात. इथे तसं केलं की डावीकडून उजवीकडे पसरलेला सगळा अवकाश एका ठिपक्यात जातो. स्टिरिओ ठेवा, फाइलचा दर्जा १९२ केबीपीएस ठेवा, फाइल मोठी झाली तर होऊ द्या.

शांततेचंही तसंच. रेडिओ केंद्रात शांतता ओळखणारं यंत्र असतं. फार वेळ काही ऐकू आलं नाही की ते धोक्याची सूचना देतं किंवा राखीव ध्वनिफीत चालू करतं. म्हणून अतिसंथ रचना लावण्याआधी मी तंत्रज्ञाला सांगून ठेवतो. पॉडकास्टमध्ये हेच काम श्रोत्याचं ॲप करतं. शांत जागा कापून वेळ वाचवण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, आणि बातम्या ऐकताना चालू केलेली ती सोय तशीच राहते. दोन सुरांमधला श्वास त्यात निघून जातो आणि रचना अडखळत चालते. त्यामुळे माझ्या प्रत्येक भागाचं पहिलं वाक्य आता ठरलेलं आहे: "ऐकण्याआधी शांतता कापण्याची सोय बंद करा आणि वेग एकपट ठेवा." त्यानंतर नमस्कार.