बिनसाखरेचे पेढे विकायचे आहेत? आधी नोंदणी, मग डब्यावरचा मजकूर

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, कारंजा (घाडगे) भागात गवळाऊ गाई पाळणाऱ्या घरांना खोवा आटवणं काही नवं नाही. आता बचत गटांतल्या ताई मधुमेहवाल्या गिऱ्हाइकांसाठी बिनसाखरेचे पेढे करायचं म्हणतात. करा, पण डब्यावर ‘शुगर फ्री’ छापू नका. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) 2018 च्या दावे व जाहिरात नियमांनुसार हा शब्द वापरायचा तर 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर जाता कामा नये. दुधात मुळातच लॅक्टोज ही साखर असते, 100 मिलीत साडेचार-पाच ग्रॅम. आटवल्यावर ती आणखी दाट होते. वरून एक दाणा नाही टाकला तरी पेढा त्यात बसत नाही. छापखान्यात हे शब्द हौसेनं मोठ्या अक्षरात टाकून देतात, म्हणून कच्चा नमुना स्वतः वाचा.

याच प्राधिकरणाची नोंदणी कोणाला? सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला लागत नाही. पेढा करून विकला की लागते. 2011 च्या मूळ नियमावलीत रोज 500 लिटरपर्यंत दुधाच्या कामाला नोंदणी आणि त्याहून जास्त असेल तर परवाना अशी विभागणी केली होती; आजची मर्यादा अर्जाआधी पाहून घ्या. अर्ज प्राधिकरणाच्या फॉसकॉस (FoSCoS) पोर्टलवर ऑनलाइन होतो. नोंदणीला फॉर्म ए, सोबत फोटो, ओळखपत्र आणि घोषणापत्र, एवढ्यात काम भागतं. परवान्याला मात्र फॉर्म बी, जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाणी तपासणीचा अहवाल, दूध कुठून येतं त्याचा तपशील आणि जागेचा पुरावा लागतो. गावातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा), भाड्याची जागा असेल तर भाडेपत्र. अर्जावरचं नाव आणि नमुना 8 वरचं नाव जुळतं का, हे भरण्याआधीच पाहा.

आता डबा. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, हिरव्या ठिपक्याचं चिन्ह, वजन, बॅच, तारखा, पत्ता हे नेहमीचंच. गोडी आणणारा पदार्थ घातला की घटकांच्या यादीत नुसतं ‘स्वीटनर’ लिहून चालत नाही. सुक्रालोज तर सुक्रालोज (955), अ‍ॅस्पार्टेम तर अ‍ॅस्पार्टेम (951). लहान मुलांसाठी शिफारस नाही, ही सूचनाही हवी. अ‍ॅस्पार्टेम असेल तर फिनाइलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी वेगळा इशारा. हा जन्मजात आजार आहे. त्यात फिनाइलअ‍ॅलनिन हा प्रथिनांतला घटक शरीराला पचवता येत नाही, आणि अ‍ॅस्पार्टेममधून तेच निघतं. बाजारातली सुटी, बिननावाची ‘गोड पावडर’ तर घेऊच नका. आत काय आहे तेच ठाऊक नसेल तर लेबलवर लिहिणार काय?

नुसतं मराठी लेबलही चालत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला. आठवडी बाजारात परातीतून सुटे पेढे विकणार असाल तरी ‘या तारखेपर्यंत खावे’ अशी पाटी समोर ठेवा. सुट्या मिठाईला ती 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीची झाली आहे.