वसई-विरारमधली विकासकामं आणि 29 गावांचा घोळ : पार्श्वभूमी

वसई-विरारला हल्ली कुठलंही काम निघालं की वाद ठरलेलाच. तलावाभोवती ट्रॅक असो, बीचवर बाकडी असोत नाहीतर गावातलं साधं गटार असो. बाहेरच्या माणसाला वाटतं पेव्हर ब्लॉकवरून काय एवढं भांडायचं, पण भांडण पेव्हर ब्लॉकचं नाहीच मुळी.

किल्ला, पोर्तुगीज, 1739 हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देऊ. विरारहून मुंबईला लोकल 1867 लाच सुरू झाली, तरी त्यानंतर शंभरेक वर्षं हा भाग वाड्या, मिठागरं, मासेमारी आणि केळी-फुलं-भाजीचाच राहिला. गडबड सुरू झाली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सरकारने हिरव्या पट्ट्यातली बरीच जमीन बांधकामाला मोकळी केली, लोक रस्त्यावर उतरले, आणि 1990 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्याच सरकारी कंपनीकडे इथलं नियोजन सोपवलं गेलं. त्यांचा विकास आराखडा मंजूर होईपर्यंत 2007 उजाडलं. तोपर्यंत बिल्डिंगी कुणासाठी थांबणार होत्या? त्या उठत गेल्या आणि मैदानं, बागा, नाले मागे राहिले. पाण्याची तर ही तऱ्हा की टँकरवाले गावातल्या विहिरी उपसायचे आणि तेच पाणी स्टेशनजवळच्या सोसायट्यांना विकायचे, इकडे गावातली विहीर खारी व्हायला लागायची.

इथे बावखलांचं सांगायलाच हवं. पश्चिमेच्या वाड्यांमधली ही छोटी तळी, पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, समुद्राचं खारं पाणी आत सरकू द्यायचं नाही, आणि पूर्वी रहाट लावून त्यातूनच वाडी भिजायची. कुठल्या आराखड्यात त्यांना धड जागा मिळाली नाही. बरीचशी भरणी टाकून बुजवली गेली, काही मालकांनीच बुजवली हेही खरंय. आता कुठे काही गावांत पोरं एकत्र येऊन गाळ काढतायत. सार्वजनिक जागा म्हणजे गेट, कारंजं आणि सेल्फी पॉइंट असं ज्यांना वाटतं त्यांना हे खड्डेच दिसणार म्हणा.

आता मुख्य मुद्दा. 3 जुलै 2009 ला चार नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून महापालिका झाली. नगरपालिकावाल्यांना फारसा फरक पडला नाही, गावांना पडला. ग्रामसभा गेली, म्हणजे रस्ता कुठून न्यायचा, तलावाचं काय करायचं, यावर गावाने बसून बोलायची जागाच गेली. घरपट्टी वाढणार ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती जमिनीची होती की एकदा शहरात गेलो की हिरवा पट्टा किती दिवस टिकेल. मोर्चे, उपोषणं, लाठ्या, सगळं झालं. शेवटी 31 मे 2011 ला सरकारने 29 गावं वगळायची अधिसूचना काढली, आणि दोन महिन्यांच्या आत महापालिकेने हायकोर्टातून तिच्यावर स्थगिती आणली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, पण ती एवढी लांबली की गावं कागदावर बाहेर आणि प्रत्यक्षात आत अशी वर्षानुवर्षं लटकली. कर महापालिकेला, पण गावात मोठं काही करायचं म्हटलं की केस आहे ना कोर्टात, हे उत्तर तयार. शहरवाल्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते अगदीच फालतू नाही: नाला काही गावाची हद्द बघून वाहत नाही, आणि बीच, मोकळी हवा, बागा सगळ्या त्याच पट्ट्यात आहेत, मग नियोजन वेगवेगळं कसं करणार. पण लोकांना विचारून आत घेणं आणि आधी घेऊन मग विचारणं यात फरक आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने 2011 ची अधिसूचनाच मागे घेतली आणि गावं आत ठेवायचं ठरवलं. हरकती मागवल्या, लोकांनी त्या दिल्याही, आणि तेव्हा महापालिकेत निवडून आलेलं कुणीच नव्हतं कारण जून 2020 लाच मुदत संपून प्रशासक बसला होता. म्हणजे ग्रामसभा नाही आणि नगरसेवकही नाही. याच काळात सुशोभीकरणाच्या फायली पुढे सरकत होत्या!

जुलै 2018 चा पूर विसरून चालणार नाही. दिवसेंदिवस पाणी उतरलं नाही, लाइट नाही, ट्रेन बंद, मिठागरात अडकलेल्या माणसांना बोटीतून काढावं लागलं. त्यानंतर तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि तिने बाकी गोष्टींबरोबर पावसाचं पाणी धरून ठेवायला मोठे तलाव करा असंही सुचवलं. बावखलं बुजवलेल्या भागात हे. 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांवर गेलेली वस्ती आता कुठल्या कुठे गेलीय आणि नवा आराखडा पुढच्या वीस वर्षांसाठी करायचाय, त्यामुळे आता गावातले लोक पहिल्यांदा नकाशात एवढंच शोधतात की आपल्या वाडीवरून किती मीटरचा रस्ता टाकलाय.