दोन हवा, मध्ये एक पत्रा : जुन्या मोटारीतील पेट्रोल हीटर

मराठवाड्यात मोटारीला हीटर हवाच कशाला, हा प्रश्न मला संभाजीनगरात अनेकांनी विचारला आणि तो गैर नव्हता. एप्रिल-मेमध्ये जिथे पारा चाळिशी ओलांडतो, तिथे गाडीत ऊब आणणारे यंत्र कोणी महिनोन्‌महिने खटपट करून दुरुस्त करावे, हे नवलच. तरीही डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि अशा पहाटे जुन्या फोक्सवॅगन बीटलमधून जाणाऱ्याचे पाय पोटरीपर्यंत गारठतात. माझ्या परिचितांच्या बीटलमध्ये पुढच्या झाकणाखाली असा एक हीटर अनेक वर्षे बंद पडून होता.

बीटलचे इंजिन मागे असते आणि ते हवेने थंड होते. इतर मोटारींत इंजिनाभोवती फिरणारे गरम पाणीच डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून नेऊन ऊब मिळवतात. बीटलमध्ये ते पाणीच नाही. तिथे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती हवा फिरवून ती पुढे आणतात, पण इंजिन मंद चालत असेल तर ही ऊब फारच तुटपुंजी मिळते. म्हणून थंड देशांतील गिऱ्हाइकांसाठी एबरस्पेशर या जर्मन कंपनीचा स्वतंत्र हीटर जादा किंमत घेऊन बसवून मिळे. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेअरलाही १९६० साली असाच पर्याय होता. तिकडे त्याला ‘गॅस हीटर’ म्हणत, कारण तिथे पेट्रोललाच ‘गॅस’ म्हणतात. आपल्या सिलिंडरच्या गॅसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हा हीटर म्हणजे गाडीच्याच टाकीतले पेट्रोल घेणारा एक बंदिस्त स्टोव्ह. विजेचा छोटा पंप ठरावीक मात्रेत पेट्रोल सोडतो, पंखा ज्वलनासाठी हवा ढकलतो आणि तापून लाल झालेला ग्लो प्लग मिश्रण पेटवतो. ताशी पाव लिटर पेट्रोल जळते असे धरले, तर लिटरमागे सुमारे ३२ मेगाज्यूल या हिशेबाने सव्वादोन किलोवॉटच्या आसपास उष्णता मिळते. बादलीत पाणी तापवायचा रॉड एक ते दीड किलोवॉटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे बीटलच्या एवढ्याशा केबिनला ती किती होते याचा अंदाज येतो.

खरी मेख मात्र ज्वाळेत नाही, तिच्याभोवतीच्या पत्र्यात आहे. पत्र्याच्या आत जळकी हवा असते. ती वेगळ्या नळीने गाडीखाली बाहेर पडते. पत्र्याच्या बाहेरून वाहते ती आपल्या श्वासाची हवा, जी फक्त तापून केबिनमध्ये शिरते. या दोन हवांची गाठ कधीही पडता कामा नये. अपुऱ्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे चालकाला आधी डोकेदुखी व सुस्ती जाणवते आणि ती थंडीची किंवा जागरणाची आहे असे वाटून तो काचा वरच ठेवतो.

हा पत्रा कुजवते ती ज्वाळेतून निघणारी वाफ. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणी होते आणि एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून गॅरेजमधील उस्तादांनी माझ्याकडे संशयाने पाहिले होते. हीटर दीर्घ काळ चालला तर ती वाफ एक्झॉस्टबरोबर निघून जाते. पाच-दहा मिनिटांतच बंद केला तर ती थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते, काजळीत मुरते आणि पत्रा गंज धरतो. क्वचित आणि थोडाच वेळ वापरलेला हीटर म्हणूनच भरपूर वापरलेल्या हीटरपेक्षा आतून वाईट निघू शकतो.

आमचा हीटर खोलण्याआधी गॅस्केट, म्हणजे जोडांमधली फट बंद करणारी पट्टी, पाण्याने भिजवली आणि मास्क लावले, कारण त्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाणे घातक. आतली काजळी लाकडी काडीने खरवडली. मग उस्तादांनी ज्वलनकक्षाची सगळी तोंडे रबरी बुचांनी बंद केली, एका बुचातून सायकलच्या पंपाने बेताने हवा भरली आणि कक्ष पंक्चर काढायच्या घमेल्यात बुडवला. क्षणभर काहीच झाले नाही. मग जोडाजवळून मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला, त्यामागून दुसरा, आणि मग त्यांची माळच लागली. वर काढून पुसले तेव्हा तिथे कोणीतरी पूर्वी लावलेला इपॉक्सीचा लेप दिसला. एवढ्या तापमानात तो टिकणारच नव्हता. वेल्डिंगचा आग्रह झाला, पण गंजाने पातळ झालेला पत्रा एका जागी जोडला तरी शेजारी फुटतो, म्हणून मी तो आग्रह मोडून काढला. दुसऱ्या हीटरचा धड कक्ष मिळेपर्यंत चार महिने गेले. तोही आधी घमेल्यात बुडवूनच घेतला.

विजेची बाजू त्या मानाने सोपी. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटलची वीजव्यवस्था ६ व्होल्टची होती. तिचा ग्लो प्लग १२ व्होल्टवर जोडला तर दुप्पट विद्युतप्रवाह ओढून जळतो. हीटर अति तापला की पेट्रोल तोडणारा बायमेटल स्विच इस्त्रीतल्यासारखाच असतो : एकमेकांना चिकटवलेल्या दोन धातूंच्या पट्ट्या उष्णतेने कमीजास्त प्रसरण पावतात, जोडपट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. तो जळाल्याचे कारण देऊन तारेने थेट जोडलेले हीटर मी पाहिले आहेत. त्याहून मोठी चूक या कामात नाही.

आता नवा पेच २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. हे इथेनॉल मराठवाड्यातील साखर कारखान्यांच्या मळीतूनही येते, आणि ते जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे फुगवते, शिवाय हवेतील ओलावाही शोषते. त्यात लिटरमागे सुमारे २१ मेगाज्यूलच ऊर्जा असल्याने मिश्रणाची उष्णता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, आणि त्याला जळायला हवाही कमी लागत असल्याने पंप व पंखा जुन्याच मापावर ठेवले तर मिश्रणात हवेचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त राहते व थंडीत पेट घेणे जड जाते. आम्ही नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि पंपाची मात्रा किंचित वाढवली.

पहिली चाचणी शेडबाहेर घेतली, शेजारी अग्निशामक ठेवून. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. ग्लो प्लग तापला, आत धप् असा दबका आवाज झाला आणि काही क्षणांत नळीतून ऊन हवा येऊ लागली. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र केबिनमध्ये अर्धा तास शून्यावर राहिले. बटण बंद केल्यावर पंखा मात्र थांबला नाही, तेव्हा वायरिंग चुकले असे समजून उस्तादांनी बॅटरीकडे हात नेला; ज्वाळा विझल्यावरही तापलेला पत्रा निवेपर्यंत पंखा फिरतच राहावा, हीच त्याची मूळ रचना आहे, असे सांगून मी त्यांना थांबवले.