वोडन, बडीशेप आणि पोपचं दुसरं पत्र

अँग्लो-सॅक्सन (साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या) इंग्लंडवरच्या कादंबऱ्या वाचताना एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. रानाच्या कडेला राहणारा, झाडपाला जाणणारा, वोडन या जुन्या देवाचं नाव घेऊन विष उतरवणारा. आणि त्याच्यासमोर देवराई तोडायला कुऱ्हाड घेऊन आलेला नवा पाद्री. चित्र रंगतदार आहे यात वाद नाही. पण त्यातला झाडपाला एका काळातला, पाद्री दुसऱ्या काळातला आणि रानातल्या त्या माणसाचा स्वभाव तर बहुतेक विसाव्या शतकातला आहे.

५९७ साली रोमहून आलेले धर्मप्रचारक केंटमध्ये उतरले. त्याआधीच्या दीडशे वर्षांचं पेगन, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या, जुन्या देवांना मानणाऱ्या लोकांनी स्वतः लिहिलेलं जवळजवळ काही उरलेलं नाही. उरलेत ते अस्थिकलश, थडगी आणि गावांची नावं. आपल्याकडच्या अनेकांचे नातेवाईक राहतात त्या लंडनच्या हॅरोचा उल्लेख ७६७ सालच्या एका सनदेत ‘गुमेनिंग लोकांचं देवस्थान’ अशा अर्थाने येतो. तिथे कोण पुजलं जायचं, हे सनद सांगत नाही. कादंबरीकाराला एवढी मोकळी जागा आयतीच मिळते.

खरा घोळ आहे ६०१ सालचा. त्या उन्हाळ्यात पोपने केंटच्या राजाला पत्र पाठवलं: मूर्तिपूजा मोडून काढ, देवळं पाडून टाक. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याने ब्रिटनच्या वाटेवर असलेल्या एका मठाधिपतीला दुसरं पत्र धाडलं, आणि त्यात नेमकं उलट सांगितलं. आपण यावर बराच विचार केला आहे, देवळं पाडू नका. फक्त मूर्ती नष्ट करा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी बसवा. इमारत भक्कम असेल तर ती वाया का घालवायची? ओळखीची जागा शाबूत दिसली की लोक तिथेच येतील. ते पूर्वी बैल बळी देत असतील, तर आता संतांच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून तेच बैल कापू देत, खाऊ देत आणि देवाचे आभार मानू देत. कारणही त्याने देऊन ठेवलं: ज्याला उंच जायचं आहे तो पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही.

या दोन पत्रांवर अभ्यासकांचं आजवर एकमत झालेलं नाही. काहींच्या मते पोपचं मन खरोखरच बदललं. काही म्हणतात की राजाशी बोलायची भाषा वेगळी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याला द्यायची सूचना वेगळी, विसंगती काहीच नाही. तिसरा गट याला सरळ डावपेच म्हणतो. माझ्या मते दुसरं पत्र जास्त महत्त्वाचं आहे आणि कादंबऱ्यांत त्याचीच आबाळ होते. कुऱ्हाडवाला पाद्री पहिल्या पत्रातून येतो. दुसऱ्या पत्रातला पाद्री बैल कापायला परवानगी देतो, मांडव घालायला सांगतो आणि म्हणूनच लिहायला कितीतरी अवघड आहे. दुसऱ्या पत्रातून घेतलं जातं ते एकच, चर्चच्या पायाखाली दडलेलं जुनं देऊळ. पण त्याचा निर्विवाद पुरावा उत्खननात हाती आलेला नाही. नॉर्थंबरलंडमध्ये येव्हरिंगला १९५०च्या दशकात एका लाकडी इमारतीत भिंतीलगतच्या खड्ड्यात बैलांच्या कवट्यांचा ढीग सापडला. ते देऊळ असावं असं उत्खनन करणाऱ्याने मांडलं. ‘असावं’ याच्या पुढे कुणाला फारसं जाता आलेलं नाही.

६२७ साली नॉर्थंब्रियाच्या राजाच्या मुख्य पुजाऱ्यानेच आपल्या देवळावर भाला फेकला, असं शंभरेक वर्षांनी एका मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवलं. पुजाऱ्याची तक्रार अगदी व्यावहारिक होती: देवांची सेवा मी सगळ्यांत जास्त केली, राजाची मर्जी मात्र दुसऱ्यांवर. पुजाऱ्याने शस्त्र धरायचं नाही, घोडीशिवाय दुसऱ्या कशावर बसायचं नाही, असा दंडक होता. तो मोडून हा घोड्यावर बसून निघाला. मर्सियाचा पेगन राजा ६५५ मध्ये लढाईत पडला, वाइट बेटावरचा शेवटचा ६८६ मध्ये मारला गेला. संपलं.

आणि जादू? ती ज्या हस्तलिखितांतून येते ती इ.स. १०००च्या आसपासची, म्हणजे देश ख्रिस्ती होऊन तीन शतकं उलटल्यानंतरची. लिहिणारे अर्थातच चर्चच्या शाळेत शिकलेले. नऊ वनस्पतींचा प्रसिद्ध मंत्र घ्या. त्यात दवण्याच्या कुळातली मगवर्ट आहे, इसबगोलाच्या नात्यातलं प्लँटेन आहे, बडीशेप आहे. वोडन नऊ काड्या घेऊन सापाला मारतो आणि सापाचे नऊ तुकडे उडतात. पण वोडनच्या वाट्याला ओळी मोजक्याच. थोडं पुढे गेलं की ‘टांगलेला असताना’ वनस्पती निर्माण करणारा शहाणा प्रभू येतो. हा क्रूसावरचा ख्रिस्त, की झाडाला टांगून घेतलेला वोडन, यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. त्याखालची कृती मात्र स्पष्ट आहे: वनस्पतींची पूड जुन्या साबणात आणि सफरचंदाच्या रसात कालवायची, मंत्र प्रत्येक वनस्पतीवर तीनदा म्हणायचा, मग रोग्याच्या तोंडात, दोन्ही कानांत आणि जखमेवर म्हणायचा, आणि त्यानंतर लेप लावायचा.

नापीक शेतासाठीचा विधी तर याहून गुंतागुंतीचा. पहाटेआधी शेताच्या चार बाजूंनी गवताची चार ढेपळं कापायची, त्यांवर तेल, मध, यीस्ट आणि दूध घालायचं, आणि ती उचलून चर्चमध्ये न्यायची. पाद्री त्यांवर प्रार्थना म्हणणार, हिरवी बाजू वेदीकडे. सूर्य मावळायच्या आत ती परत जागेवर. नंतर नांगराशी ‘एर्के, एर्के, एर्के, पृथ्वीमाते’ अशी हाक. कादंबरीत पृथ्वीमाता राहते आणि पाद्री गाळला जातो.

हे गाळणं सुरू झालं एकोणिसाव्या शतकात. १८३५ मध्ये एका जर्मन भाषाशास्त्रज्ञाने, लोककथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्याने, जुन्या इंग्रजी महिन्यांची यादी देणाऱ्या ७२५ सालच्या ग्रंथातल्या एओस्त्रे देवीच्या एकुलत्या एका उल्लेखावरून जर्मनांचीही वसंतदेवी उभी केली. १८६४ ते १८६६ मध्ये लंडनमध्ये या वैद्यकीय हस्तलिखितांचे तीन खंड छापले गेले. भाषांतर करणाऱ्याने मुद्दाम जुनाट इंग्रजी वापरली, त्यामुळे साधी मलमाची कृतीसुद्धा मंत्रासारखी वाजू लागली. विसाव्या शतकात त्यावर आणखी थर चढले. १९३९ साली इंग्लंडमध्ये सटन हू इथे २७ मीटर लांबीच्या नौकेतलं अँग्लो-सॅक्सन काळातलं दफन उघडलं. १९५१ मध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना ब्रिटिश कायदा रद्द झाला आणि दोन-तीन वर्षांत विक्का नावाचा नवा पंथ उघडपणे पुढे आला. १९८०च्या दशकात एका मानसशास्त्रज्ञाने त्या मंत्रांच्या हस्तलिखितावर बेतून कादंबरी लिहिली. तिच्यातला मांत्रिक शिष्याला आत्म्यांच्या जगात नेणारा गुरू आहे, आणि पुढच्या बऱ्याच कादंबऱ्यांतला मांत्रिक त्याच्याच घराण्यातला वाटतो.

सातव्या शतकातली नायिका वर्षाचे आठ सण क्रमाने पाळू लागली, तर ते चक्र १९५०च्या दशकातलं आहे. ७२५ सालच्या त्या ग्रंथातल्या यादीत आहेत ते महिने: फेब्रुवारीच्या सुमाराला देवांना वड्या-पोळ्या वाहायच्या, नोव्हेंबरात कापायची गुरं आधी देवांना अर्पण करायची. पोपच्या दुसऱ्या पत्रातले बैल हे बहुधा तेच.