डोळ्याला न दिसणारा वेग, अंगाला न जाणवणारे विष

गोल्फचे मैदान लांबून बघणाऱ्याला वाटते, इतकी निवांत नोकरी दुसरी नसेल. बारीक कापलेली हिरवळ, मधूनच पाणी, कडेने झाडी. आता ती हिरवळ रोज राखणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. तो गवत कापायच्या यंत्रावर बसला आहे, कानांवर जाड इयरमफ आहेत, नजर पुढच्या चाकाच्या रेषेवर खिळली आहे, आणि त्याच्या पाठीमागे दीडशे मीटरवर कुणीतरी टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर, चेंडू ठेवतो आहे.

हा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो, व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर. हौशी पण बऱ्यापैकी खेळणाऱ्याच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे लांब फटक्याच्या काठीवरून, तो सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. व्यावसायिक खेळाडूचा फटका ताशी २७० किलोमीटरपर्यंत जातो. त्या क्षणी चेंडूत जवळपास १३० ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन चौथ्या मजल्यावरून खाली सोडले, तर जमिनीवर आदळताना त्यात एवढीच ऊर्जा असेल. हवेच्या विरोधामुळे खाली येईपर्यंत वेग निम्म्यावर येतो आणि ऊर्जा पाव होते. तरीही एक किलोचे वजन तीन मीटरवरून डोक्यात पडावे, असा तो मार असतो. डोळ्यावर बसला तर गोष्ट आणखी गंभीर. डोळ्याच्या खोबणीचे तोंड साधारण चार सेंटीमीटर रुंद असते. मोठ्या चेंडूला भुवईचे आणि गालाचे हाड अडवते. गोल्फच्या चेंडूचे माप जवळपास खोबणीइतकेच असल्याने हाडांची ती ढाल अपुरी पडते.

फटका चुकला की खेळाडूने मोठ्याने ‘फोर’ अशी हाक द्यायची, हा खेळातला जुना रिवाज. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दीडशे मीटर गाठायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. चेंडूला तीन-चार सेकंद लागतात. हिशेबाने माणसाला वाचायला पुरेसा वेळ आहे, पण तो इयरमफ नसलेल्या माणसाचा हिशेब झाला. यंत्रावरच्या माणसापर्यंत हाक पोहोचतच नाही. शिवाय चेंडू सरळ रेषेत येईलच असे नाही. तो हवेत तिरक्या आसाभोवती फिरत असला की एका बाजूची हवा त्याला ढकलते आणि तो केळीसारखा वळतो. ‘मी तर फटक्याच्या रेषेत नव्हतो’ हे म्हणणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

यावर चांगल्या मैदानांवर पाळला जाणारा उपाय साधा आहे: काम असे आखायचे की कामगाराचे तोंड शक्यतो खेळ येतो त्या दिशेला राहील. टीच्या जागेवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, माणसे दिसली की यंत्र बाजूला घ्यायचे, थांबायचे, आणि आपण त्यांना पाहिले आहे हे हात करून कळवायचे. अंगात भडक रंगाचे जाकीट हवे, कारण हिरव्या गणवेशातला माणूस हिरवळीत हरवतो. हाक ऐकू आलीच, तर वर बघायचे नाही. चेंडू कुठे आहे ते शोधायला मान वर जाते, ही शरीराची स्वाभाविक हालचाल. नेमकी तीच चेहरा उघडा पाडते. डोके हातांनी झाकून खाली वाकायचे, हे सांगून पुरत नाही, करवून घ्यावे लागते. सराव-मैदानावर चेंडू गोळा करणाऱ्या गाडीला तर चारी बाजूंनी जाळीचा पिंजराच असतो.

चेंडू निदान आकाशातून येतो. गवतातला खडा येतो पायाजवळून. रोटरी यंत्राचे पाते आडवे गरगर फिरते. अमेरिकी मानकाप्रमाणे त्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा जास्त असता कामा नये. ही मर्यादा सेकंदाला सुमारे ९६ मीटर, ताशी जवळपास ३५० किलोमीटर होते. पात्याच्या टोकाला लागलेला खडा त्याच्या जवळपासच्या वेगाने उडाला, तर २५ मीटरवर उभ्या माणसापर्यंत यायला त्याला पाव सेकंद लागेल. डोळ्याने पाहून हात हलवायला सुरुवात करायलाच आपल्या मेंदूला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणजे खडा दिसला, असे म्हणायलाही उसंत नाही. काम सुरू करण्याआधी चालत जाऊन खडे, काटक्या, तुटक्या टी वेचायच्या, गवत बाहेर फेकणारे तोंड माणसांकडे ठेवायचे नाही आणि त्यावरचे झाकण काढायचे नाही, या नियमांमागे हा पाव सेकंद आहे.

ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्या भोकात पाडायचा त्याभोवतीच्या हिरवळीवर, मात्र रोटरी यंत्र चालत नाही. तिथले गवत तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवायचे असते, आणि त्यासाठी रील लागतो: नागमोडी पात्यांचा लाटण्यासारखा दंडगोल आणि त्याखाली एक स्थिर पाते. दोन्ही मिळून कात्रीसारखे काम करतात. धार लागली का हे बघायला मेकॅनिक कागदाची पट्टी त्यात धरतो आणि रील हाताने हळूच फिरवतो. पट्टी सुरीने कापल्यासारखी कापली गेली पाहिजे. आता याच क्षणी रीलच्या दुसऱ्या टोकाला दुसरा कोणी अडकलेले गवत बोटाने काढत असेल तर? रील एकसंध आहे. या टोकाचे पाते दोन बोटे सरकले की त्या टोकाचेही सरकते. इंजिन बंद आहे, किल्ली खिशात आहे, तरीही बोट जाऊ शकते. म्हणून एका रीलवर एका वेळी एकाच माणसाने काम करायचे, आणि हात घालण्यापूर्वी पात्यांत लाकडी ठोकळा अडकवायचा.

कार्यशाळेतला आणखी एक धोका मला फार अस्वस्थ करतो, कारण तो सुरुवातीला अजिबात दुखत नाही. या यंत्रांची पाती आणि चाके बऱ्याचदा तेलाच्या दाबावर फिरतात. तो दाब शंभर-दोनशे बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या शंभर-दोनशे पट असतो. नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर निघणारी तेलाची धार कधी कधी दिसतही नाही. कुठून गळतेय हे चाचपायला माणूस सवयीने हात फिरवतो, आणि तेल कातडी भेदून आत शिरते. वरून दिसतो तो फक्त एक बारीक ठिपका. माणूस हात पुसून कामाला लागतो आणि आत तेल बोटाच्या स्नायुबंधांच्या आवरणातून पसरत जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून. आणि असा ठिपका उमटला तर दुखत नसले तरी तडक रुग्णालय गाठायचे, डॉक्टरांना ‘दाबाखालचे तेल शिरले’ हे शब्द सांगायचे.

उतारावरचे यंत्र का उलटते, हे जरा आकड्यांत बघू. समजा, यंत्राच्या दोन चाकांतले अंतर १.२ मीटर आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटर उंच आहे. उभ्या जागी ते सुमारे ३८ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. एवढा उतार मैदानात सहसा नसतोच, त्यामुळे चालक निर्धास्त असतो. पण तेच यंत्र ताशी ११ किलोमीटरने तीन मीटर त्रिज्येचे वळण घेऊ लागले, की बाहेर ओढणारा जोर १७ अंश उताराइतका भरतो. हातात उरतात २१ अंश. त्यात ओले गवत, बंकरची म्हणजे वाळूच्या खड्ड्याची कड, एखाद्या चाकाखाली आलेला खड्डा. पायी चालताना सौम्य वाटणारी टेकडी वळणाच्या क्षणी जीवघेणी होते ती अशी. तीन चाकी यंत्रांचा पाया त्रिकोणी असल्याने त्यांच्या बाबतीत उरणारे अंश आणखी कमी.

मागच्या बाजूने उलटणाऱ्या ट्रॅक्टरवर सावरण्याची वेळ टळून जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. उडी मारू, हा विचार डोक्यात येईपर्यंत तो संपलेला असतो. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी पोलादी चौकट सक्तीची केली आणि पुढे उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. या चौकटीबरोबरचा पट्ट्याचा नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: चौकट उभी असेल तर पट्टा बांधायचाच, झाडाखालून जाण्यासाठी ती दुमडलेली असेल, तर बांधायचा नाही. पहिल्या वेळी पट्टा माणसाला सुरक्षित जागेत धरून ठेवतो, दुसऱ्या वेळी तोच त्याला यंत्राखाली धरून ठेवेल. मला वाटते, नियम शिकवताना हे ‘का’ सांगितलेच पाहिजे. नुसते ‘पट्टा बांधा’ सांगितलेला माणूस चौकट दुमडल्यावरही इमानेइतबारे पट्टा बांधेल.

विजेचे भय गोल्फला सर्वांत ओळखीचे. १९७५ मध्ये शिकागोजवळच्या एका स्पर्धेत ली ट्रेविनो आणि आणखी दोन खेळाडू विजेने जखमी झाले. ट्रेविनो यांना पुढे पाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. १९९१ च्या यूएस ओपनमध्ये झाडाखाली आसरा घेतलेल्या सहा प्रेक्षकांना विजेने पाडले, त्यांतला एक दगावला. वीज झाडावर पडली तरी तिथे थांबत नाही; खोडातून माणसावर झेप घेते किंवा जमिनीतून पसरते आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे टप्प्यात. काम थांबवायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही. उघड्या बाजूंची गोल्फगाडी हा आसरा नव्हे, तिची रबरी चाके वाचवत नाहीत. पक्की इमारत किंवा पत्र्याचे बंद छत असलेली मोटार हवी. इथे पुन्हा इयरमफ आडवे येतात. गडगडाट ऐकू न येणारा एकमेव माणूस यंत्रावरचा, आणि तो बहुधा इमारतीपासून सर्वांत लांब असतो. भोंगा वाजवून भागत नाही. त्याला वायरलेसवर बोलावून, परत आलेल्यांची डोकी मोजावी लागतात.

इयरमफ काढून टाकावेत का मग? नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी अमेरिकेच्या ‘नायोश’ या संशोधनसंस्थेने शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. पाने उडवणारे पेट्रोलचे यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी एवढा आवाज सहज होतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि त्या मरताना काही दुखत नाही.

इथून धोक्यांची चाल बदलते. चेंडू, खडा, उलटणारे यंत्र हे सगळे आपल्या प्रतिक्रियेपेक्षा जलद. आवाज, ऊन आणि गवतावर फवारायची औषधे आपल्या जाणिवेपेक्षा सावकाश.

घामाचा एक लिटर पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. शरीराची ही सोय उत्तम आहे, पण ती उन्हाला सरावायला एक-दोन आठवडे लागतात: घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्ताचे प्रमाण वाढते. उष्माघाताचे बहुतेक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात ते यामुळे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या २० टक्केच द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे, ही शिफारस आहे. तरणाबांड आहे, झेपेल त्याला, हा अंदाज इथे चुकतो.

फवारणीचा पोशाख हा घाम वाळूच देत नाही. म्हणून थंड वेळ म्हणून पहाट निवडली जाते. पण अगदी निवांत, वारा पडलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. बारीक थेंब वर न जाता तिथेच धुक्यासारखे तरंगतात आणि माणसाच्या नाकाशी रेंगाळतात. हलका वाहता वारा पाठीशी असणे, शून्य वाऱ्यापेक्षा बरे.

कातडीचीही सगळीकडे सारखी राखण नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या मोजमापांत कपाळातून ते कोपर ते मनगट या भागापेक्षा चौपट आणि जननेंद्रियांजवळच्या त्वचेतून जवळपास १२ पट शोषले गेले. औषध हाताळून हात न धुता लघवीला जाणे, कपाळाचा घाम त्याच हातमोज्याने पुसणे, या दोन साध्या सवयी म्हणूनच घातक. पॅराथिऑनच्या गटातली रसायने मज्जातंतूंमधला निरोप थांबवणारे विकर निकामी करतात. मग घाम, मळमळ, थकवा सुरू होतो, आणि मुकादमाला वाटते, ऊन लागले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहत असेल, तर ते ऊन नव्हे. त्या माणसाला सावलीत बसवून वेळ दवडायचा नाही.

सर्वाधिक जपायची वेळ फवारताना नाही, घट्ट औषध टाकीत ओतताना असते. एका शिंतोड्यात तिथे सबंध फवाऱ्याहून जास्त औषध असू शकते. गवतावर नोझल खाली रोखून फवारायचे असते, म्हणून बाही हातमोज्याच्या वरून घ्यायची, नाहीतर ओघळ मोज्याच्या आत उतरतो. काम संपल्यावर मोजे आधी काढायचे नाहीत. ते हातात असतानाच साबण-पाण्याने नीट धुवायचे, मग काढायचे, मग उघडे हात धुवायचे. आणि अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात, मुलांच्या कपड्यांबरोबर टाकायचे नाहीत.