ऑनलाइन तालिका (ओपॅक) : वापरसुलभता

विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांत संगणकावर ग्रंथ शोधण्याचे साधन. तालिकापत्रांच्या खणांची जागा घेणारी ही तालिका ‘ओपॅक’ (ऑनलाइन पब्लिक ॲक्सेस कॅटलॉग) या आद्याक्षरी नावाने रूढ आहे. हवा तो ग्रंथ वाचकाला तीतून कितपत अचूक, किती थोड्या श्रमात आणि समाधानाने मिळतो, यावर तिची वापरसुलभता ठरते. हे तीन निकष ‘आयएसओ ९२४१’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागातील (१९९८) व्याख्येला धरून आहेत; मूळ विचार मात्र पुष्कळ जुना. लेखक, शीर्षक वा विषय यांपैकी काहीही ठाऊक असले तरी ग्रंथ सापडावा, हे उद्दिष्ट अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ च्या तालिका-नियमावलीत मांडले. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले (१९३१) चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हेच आहे.

पहिल्या ओपॅकचा मान बहुधा अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाला दिला जातो. तेथील प्रणाली मुळात ग्रंथांच्या देवघेवीसाठी होती. ती वाचकांसाठी १९७५ च्या सुमारास खुली झाली. देवघेवीच्या प्रणालीला तालिका म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. ते अमान्य करणारे डॅलस सार्वजनिक ग्रंथालयाकडे (१९७८) बोट दाखवतात. शैक्षणिक ग्रंथालयांपुरते पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

ओपॅक अवघड का वाटतो, याविषयी माहितीशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टीन बोर्गमन यांचे दोन लेख (१९८६, १९९६) पायाभूत आहेत. मनातला प्रश्न वाचक शोधता शोधता घडवतो, हे रचनाकार लक्षात घेत नाहीत, असा त्यांचा रोख आहे. वाचकांना प्रशिक्षण द्यावे, हा ग्रंथपालांचा नेहमीचा उपाय त्यापुढे तोकडा ठरतो. शब्दांची तफावत प्रशिक्षणाने मिटत नाही : अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या (लायब्ररी ऑफ काँग्रेस) विषयशीर्षकांत पाककलेसाठी २०१० पर्यंत ‘कुकरी’ हाच शब्द होता, बोलण्यात ‘कुकिंग’ असले तरी.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २००६ मध्ये विषय, भाषा, काळ इत्यादींनुसार निकाल गाळण्याची सोय केली. पुढे ‘समन’सारख्या (२००९) साधनांनी ग्रंथ व नियतकालिकांतील लेख एकाच चौकटीत आणले. शोध सोपा झाला, निवड कठीण झाली.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत पडद्याच्या मांडणीपेक्षा अक्षरांचा प्रश्न मोठा आहे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. शीर्षकपृष्ठांवरचे कसे जातील? राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेची नोंद मुळाबरहुकूम केली, की ‘साधने’ असे टंकणाऱ्याला ती मिळेलच असे नाही. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत. ‘दऱ्या’मधला अर्धा र तर युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या सांकेतिक मानकात) दोन रीतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून चूक तालिकाकारालाही दिसत नाही. शोधसूचीत अशा रूपांचे एकरूपीकरण करणे हा उपाय होय. मूळ नोंद बदलणे नव्हे.

भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’ आणि न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रथम वापरात आलेले मुक्तस्रोत ‘कोहा’ या प्रणाली प्रचलित आहेत. दोहोंत देवनागरी नोंदी करता येतात. तरीही काही ग्रंथालयांत मराठी शीर्षके रोमन लिपीत, उच्चारचिन्हांविना नोंदलेली आढळतात. तेथे काळ, काल, कळ आणि कल यांचे लेखन एकच होते.